'पहिली महिला' ही बातमी आता बंद व्हायला हवी

मंडळी, या शनिवारी जरा बर्फावर जाऊ या. विषय आइस हॉकी, त्यातही बायकांची, आणि त्यातही गोलकीपर. पुण्यात बर्फ दिसतो तो फक्त गोळ्यात आणि उसाच्या रसात. इथे बसून हा विषय कुठून सुचला असं विचाराल, तर त्याचं श्रेय आमच्या अमेरिकन क्लायंटला. त्यांची संध्याकाळ म्हणजे आमची पहाट. सपोर्टच्या शिफ्टला जागं राहायचं, आणि सगळे सर्व्हर गुण्यागोविंदाने नांदत असले की चहा पीत स्क्रीनकडे बघत बसायचं. २०२४ च्या १ जानेवारीला तिकडे 'प्रोफेशनल विमेन्स हॉकी लीग' सुरू झाली (पुढे तिला नुसतं पीडब्ल्यूएचएल म्हणतो, नाहीतर टाइप करून बोटं मोडतील). पहिल्या मोसमात सामने यूट्यूबवर फुकट होते. टोरोंटोत हिवाळ्यात संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना आपल्याकडे पहाटे साडेपाचला लागतो. तेव्हा लागलेलं व्यसन आजतागायत सुटलेलं नाही.

सुरुवातीला मला पक दिसायचाच नाही. पक म्हणजे कडक रबराची काळी चकती. तीन इंच व्यास, एक इंच जाडी, वजन १७० ग्रॅमच्या आसपास. बर्फावर उड्या मारू नये म्हणून सामन्याआधी तो चक्क गोठवतात. एवढीशी वस्तू त्या वेगाने फिरताना शोधत बसण्यापेक्षा मी गोलकीपरकडे बघायला लागलो, कारण ती बिचारी एका जागी असते. तिच्या मागे ६ फूट रुंद आणि ४ फूट उंच जाळं. पुढचे पाच खेळाडू पाऊण-एक मिनिट जीव तोडून पळतात आणि बदली होऊन बाकावर बसतात. गोलकीपर मात्र २० मिनिटांचे तिन्ही डाव उभी. तिने तीस शॉट अडवले तर ते तिचं कामच असतं, आणि एकतिसावा सुटला की हायलाइट्समध्ये फक्त तोच दिसतो. प्रॉडक्शन सपोर्ट करणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. आपलं नाव मेलमध्ये येतं तेव्हा काहीतरी पडलेलं असतं!

मग सवयीप्रमाणे या गोलकीपर बायकांची करिअर्स वाचत सुटलो. आणि वाचता वाचता एक गोष्ट खटकायला लागली. प्रत्येक करिअरमध्ये सगळ्यात मोठ्या अक्षरातली बातमी एकाच साच्यातली. 'पुरुषांच्या अमुक लीगमध्ये खेळणारी पहिली महिला.' 'पुरुषांच्या तमुक सामन्यात जिंकणारी पहिली महिला.'

मला काय म्हणायचंय ते आधीच सांगून टाकतो. ही बातमी आनंदाची आहे असं आपण धरून चालतो. माझ्या मते ती मुळात एका गैरसोयीची बातमी आहे. जगातल्या सर्वोत्तम गोलकीपरला तिच्या कामाचा पगार देईल अशी बायकांची एकही जागा नव्हती, म्हणून ती पुरुषांच्या दारात जाऊन उभी राहिली, असा तिचा खरा अर्थ. आपण दार उघडल्याबद्दल टाळ्या वाजवतो, आणि तिला तिचं स्वतःचं घरच नव्हतं हे विसरून जातो.

आता उदाहरणं.

पहिलं नाव मॅनन रेऑम. कॅनडातल्या क्वेबेकची. २३ सप्टेंबर १९९२ ला, वयाच्या विसाव्या वर्षी, ती टॅम्पा बे लाइटनिंगकडून सेंट लुईस ब्लूजविरुद्ध खेळली. एनएचएल म्हणजे तिकडची पुरुषांची सर्वोच्च लीग, आणि हा तिचा मोसमापूर्वीचा सराव सामना. मॅनन एक डाव खेळली. नऊ शॉट आले, सात अडवले, दोन सुटले. त्याच वर्षी डिसेंबरात ती अटलांटा नाइट्सकडून इंटरनॅशनल हॉकी लीगच्या खऱ्याखुऱ्या मोसमातल्या सामन्यात उतरली. टीव्हीवर मुलाखती, डेव्हिड लेटरमनचा शो, सगळं झालं. टॅम्पाचा संघ तेव्हा अगदी नवा कोरा होता आणि त्यांना प्रसिद्धी हवी होती, हे त्यांच्याकडच्या लोकांनीही लपवलं नाही. मॅननलाही ते कळत होतंच. पण मुलगी म्हणून आयुष्यभर 'नाही' ऐकलेल्या खेळाडूला पहिल्यांदा कुणी 'हो' म्हणत असेल, तर तिने कारण विचारत बसावं का? मी असतो तर मीही विचारलं नसतं.

पण मजा बघा. त्याच १९९२ साली मॅनन कॅनडाकडून बायकांची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा जिंकली होती. १९९४ ला पुन्हा जिंकली. १९९८ ला नागानोत बायकांची आइस हॉकी पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आली, तिथे रौप्यपदक मिळवलं. दोन जागतिक सुवर्ण आणि एक ऑलिंपिक रौप्य! आणि जगाला आठवतो तो सराव सामन्यातला एक डाव.

दुसरं नाव शॅनन झाबाडोस. माझा सगळा मुद्दा हिच्या करिअरवर उभा आहे, म्हणून जरा सविस्तर. १९८६ चा जन्म, गाव एडमंटन. मुलांच्या संघांतून खेळतच मोठी झाली. २००२ मध्ये, सोळाव्या वर्षी, वेस्टर्न हॉकी लीग या मुलांच्या ज्युनियर लीगमध्ये उतरणारी पहिली मुलगी. (बघा, साचा सुरू झाला.) पुढे कॉलेजच्या पुरुषांच्या संघातून खेळली. २०१० ला व्हँकुव्हर ऑलिंपिकच्या फायनलला कॅनडाने जाळ्यात तिला उभं केलं. समोर अमेरिका, घरचं मैदान, अख्खा देश टीव्हीसमोर. तिने २८ शॉट अडवले, एकही सोडला नाही. कॅनडा २-०. २०१४ ला सोचीला पुन्हा फायनल, पुन्हा अमेरिका. साडेतीन मिनिटं उरली असताना कॅनडा ०-२ ने मागे होता, तिथून बरोबरी झाली आणि जादा वेळेत कॅनडा ३-२ ने जिंकला. जाळ्यात पुन्हा शॅनन.

आता क्षणभर थांबा आणि विचार करा. दोन ऑलिंपिक, दोन्ही फायनल्स खेळलेली आणि दोन्ही जिंकलेली गोलकीपर. वय २७, म्हणजे साधारण माझ्याएवढी. आमच्या धंद्यात असा रेझ्युमे असता तर कंपन्या दारात रांग लावून उभ्या राहिल्या असत्या, वर जॉइनिंग बोनस. शॅननला काय मिळालं? त्या मार्चमध्ये एडमंटन ऑइलर्सला एका रात्रीपुरता राखीव गोलकीपर हवा होता. शॅननला बोलवा म्हणून लोकांनी ट्विटरवर मोहीम चालवली. ऑइलर्सनी तिला एक दिवस सरावाला बोलावलं, फोटो निघाले, संपलं. त्याच आठवड्यात तिने अमेरिकेतल्या जॉर्जियामधल्या कोलंबस कॉटनमाउथ्स या संघाशी करार केला. सदर्न प्रोफेशनल हॉकी लीग ही पुरुषांची लीग, एनएचएलपासून बऱ्याच पायऱ्या खाली. तिथे खेळणारी ती पहिली महिला. १५ मार्च २०१४ ला पहिला सामना, २७ शॉट अडवले, संघ ३-४ ने हरला. २६ डिसेंबर २०१५ ला हंट्सव्हिलविरुद्ध ३३ शॉट अडवून एकही गोल दिला नाही. पुरुषांच्या व्यावसायिक हॉकीत असं करणारी पहिली महिला. बातमी जगभर गेली.

मला ही बातमी वाचून आधी भारी वाटलं होतं. मग कोलंबस, जॉर्जिया नकाशात शोधलं आणि डोकं फिरलं. अहो, ज्या बाईने ऑलिंपिकच्या फायनलला एकही गोल दिला नाही, ती तिथे कुणाच्या नजरेत भरावी म्हणून खेळत होती? तिला सिद्ध करायचं काय उरलं होतं? सचिनने वर्ल्ड कप जिंकून यावं आणि मोसमभर खेळायला मिळावं म्हणून परदेशातल्या खालच्या लीगमध्ये करार करावा, असं काहीसं झालं हे.

इथे तुम्ही म्हणाल की बाबा रे, तिला पुरुषांबरोबर खेळायचंच होतं. शॉट जोरात येतात, खेळ सुधारतो. अगदी मान्य. गोलकीपरला हे शक्यही असतं, कारण तिला अंगावर धडका फारशा झेलाव्या लागत नाहीत. पुरुषांच्या व्यावसायिक संघांत शिरलेल्या बायकांमध्ये गोलकीपर जास्त दिसतात त्यामागे हेही कारण आहे. ते दार बंद करा असं मी म्हणत नाहीये, ज्याची ताकद आहे त्याने जरूर जावं. पण एखादी गोष्ट आपण निवडली असं कधी म्हणता येतं? समोर निदान दोन पर्याय असतील तेव्हा. शॅननसमोर २०१४ ला दुसरा पर्याय काय होता? कॅनेडियन विमेन्स हॉकी लीग २००७ पासून चालू होती, पण खेळाडूंना पगारच नव्हता. सकाळी नोकरी, संध्याकाळी सराव, शनिवार-रविवार सामने. म्हणजे आपण ज्याला वीकेंडचा छंद म्हणतो तो प्रकार, फक्त तो करणाऱ्या बायका जगज्जेत्या होत्या.

सोचीनंतर फिनलंडच्या नूरा रॅटीने हेच उघड बोलून दाखवलं. ही त्या काळातली जगातली एक अव्वल गोलकीपर. २०१३ च्या नोव्हेंबरात तिने ५८ शॉट अडवले आणि फिनलंडने अमेरिकेला हरवलं. तीन महिन्यांनी, वयाच्या २४ व्या वर्षी, तिने सांगितलं की पगार देणारी बायकांची लीग नसेल तर मी यातून बाहेर पडते. पुढे तीही फिनलंडमध्ये पुरुषांच्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये खेळली. चोविसावं वर्ष! आपल्यातले बरेच जण त्या वयात पहिलं प्रमोशन कधी मिळतंय याची वाट बघत असतात.

जरा माझ्या कॉलेजात येतो, कारण हे सगळं वाचताना मला तेच आठवत होतं. आमच्या वर्षाला मेकॅनिकलला एकच मुलगी होती. तिचं कौतुक बघायला हवं होतं तुम्ही. गॅदरिंगला सत्कार, शाल, नारळ, प्राचार्यांचं स्त्रीशक्तीवर वीस मिनिटांचं भाषण. आणि वर्कशॉपच्या इमारतीत लेडीज टॉयलेट नव्हतं. प्रॅक्टिकलच्या मध्ये तिला मेन बिल्डिंगपर्यंत चालत जाऊन यावं लागायचं, आणि उशीर झाला म्हणून इन्स्ट्रक्टरची बोलणी खावी लागायची. चार वर्षं हेच. आमच्या मागच्या वर्षाला मेकॅनिकलला किती मुली आल्या? शून्य. त्यावर स्टाफरूममधलं निदान होतं, 'मुलींना आवडच नसते हो'.

सांगायचा मुद्दा हा की कौतुकाला बजेट लागत नाही. टॉयलेटला लागतं.

हॉकीतही हेच झालं, आणि बजेट आलं तेव्हा फार धडपडत आलं. २०१५ ला अमेरिकेत नॅशनल विमेन्स हॉकी लीग निघाली आणि तिने खेळाडूंना पगार द्यायला सुरुवात केली, कमीत कमी वर्षाला १०,००० डॉलर. दुसऱ्याच मोसमात मध्येच पगार कापले. कॅनडाच्या लीगने २०१७ ला मानधन सुरू केलं, २,००० ते १०,००० डॉलर, आणि २०१९ ला लीगच बंद पडली. शॅनन २०१८ ला प्याँगचांग ऑलिंपिकला तिसरी फायनल खेळली, कॅनडा शूटआउटमध्ये हरला, तरी स्पर्धेची सर्वोत्तम गोलकीपर तीच ठरली. त्यानंतर २०१८-१९ चा एक मोसम ती बफेलोकडून या अमेरिकन लीगमध्ये खेळली. पीडब्ल्यूएचएल सुरू झाली तेव्हा ती ३७ वर्षांची होती. गाडी फलाटाला लागली, पण हिची वेळ निघून गेल्यावर.

तिसरं नाव ॲन-रेने देबियाँ, आणि हिच्या गोष्टीत गाडी थोडक्यात मिळते. विस्कॉन्सिन विद्यापीठात असताना तिने कॉलेज हॉकीत सामनाभर एकही गोल न देण्याचे विक्रम केले. २०१७ चा पॅटी काझमायर पुरस्कार, म्हणजे कॉलेज हॉकीतल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, तिला मिळाला. २०१८ ला ती शॅननबरोबर ऑलिंपिकच्या संघात होती. आणि त्यानंतर तिने हॉकी बाजूला ठेवून अकाउंटिंगचा रस्ता धरला. कारण साधं होतं, अकाउंटंटला पगार मिळतो. पुढे ती परत आली, २०२२ च्या बीजिंग फायनलला ३८ शॉट अडवून कॅनडाला सुवर्ण मिळवून दिलं. ती परतली नसती तर ती जगात होती हेही आपल्याला कळलं नसतं. ताळेबंद मात्र अचूक जुळले असते!

२०२३ च्या सप्टेंबरात माँट्रिआलने सही केलेल्या पहिल्या तीन खेळाडूंमध्ये देबियाँ होती. नव्या लीगमध्ये खेळाडूंची युनियन आधी झाली आणि करार २०३१ पर्यंतचा झाला. कमीत कमी पगार ३५,००० डॉलर, प्रत्येक संघात निदान सहा जणींना ८०,००० किंवा जास्त, वर आरोग्य विमा, मॅटर्निटी लीव्ह. ३५,००० डॉलर म्हणजे आपले तीस लाख हा हिशोब इथे करू नका, टोरोंटोत घरभाडं देऊन हातात काय उरतं ते तिकडच्या मित्रांना विचारा. ऐषारामाची नोकरी नाहीच. पण नोकरी आहे. सकाळी उठून करायचं ते काम हेच, असं म्हणता येतं.

आणि त्याने काय होतं ते ११ मे २०२५ ला दिसलं. प्लेऑफमध्ये माँट्रिआल विरुद्ध ओटावा. साठ मिनिटं संपली, बरोबरी. पहिला जादा डाव, दुसरा, तिसरा... चौथ्या जादा डावात माँट्रिआल ३-२ ने जिंकलं. प्रत्यक्ष खेळ सव्वादोन तासांचा, लीगच्या इतिहासातला तोवरचा सर्वात लांब. देबियाँने साठाहून जास्त शॉट अडवले. पुढे मालिका ओटावाने जिंकली, पण मोसमाची सर्वोत्तम गोलकीपर देबियाँ ठरली. या बातमीत 'पुरुषांच्या' हा शब्द कुठेच नव्हता. बायकांच्या सामन्यात एक बाई भयंकर चांगली खेळली, बस्स. मला ही बातमी शॅननच्या २०१५ च्या बातमीपेक्षा मोठी वाटते.

एक आक्षेप उरतो, तो माझे मित्रच घेतात. 'बघायला लोक येत नाहीत तर पगार कुठून द्यायचा? मार्केट आहे बाबा.' बरं, मार्केटचं बोलू. २० एप्रिल २०२४ ला माँट्रिआलच्या बेल सेंटरमध्ये माँट्रिआल-टोरोंटो सामन्याला २१,१०५ लोक आले होते. बायकांच्या हॉकीचा जागतिक विक्रम. हे लोक काही त्या आठवड्यात जन्मले नव्हते, त्यांना आधी जायला जागा नव्हती. दुसरं म्हणजे या लीगमागे मार्क वॉल्टरसारखा, लॉस एंजेलिस डॉजर्सचा मालक असलेला, खिसा खोल असणारा माणूस आहे. मग काय झालं? वर्षानुवर्षं तोट्यात चालणाऱ्या स्टार्टअप्समध्ये आपण नोकऱ्या करतो, तिथे 'मार्केट तयार करतोय' असं म्हणतो आणि ईसॉप घेतो. एनएचएल १९१७ ची आहे. शंभर वर्षांहून जास्त आघाडी घेतलेल्याशी तुलना करून पहिल्याच मोसमात नफा मागायचा, हा कुठला न्याय?

हे फक्त तिकडचंच नाही बरं का. आपल्या भारताच्या महिला आइस हॉकी संघात बहुतेक मुली लडाखच्या. परदेशी स्पर्धेला जायला त्यांना लोकांकडून वर्गणी गोळा करावी लागलेली आहे. २०१७ ला बँकॉकमध्ये त्यांनी आपला पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला, २०२५ ला अल ऐनच्या आशिया कपमध्ये कांस्यपदक आणलं. त्यांची बरीच वर्षं गोलकीपर राहिलेली नूर जहाँ पोटापाण्यासाठी लडाखमधली जुनी भित्तिचित्रं आणि थांका जतन करण्याचं काम करते. सुंदर काम आहे ते. पण तिला यातलं एक 'काम' आणि दुसरं 'पदरमोड' असं का करावं लागावं? कांस्यपदकाला आपण फॉरवर्ड, लाइक, तिरंगा सगळं दिलं. पुन्हा तेच, बजेट न लागणारं.

मला कुणी विचारलं की बायकांचा एखादा खेळ किंवा व्यवसाय पुढे गेलाय हे कशावरून ओळखायचं, तर माझी कसोटी सोपी आहे. तिथली दुसऱ्या नंबरची गोलकीपर, जिचं नाव कधी पेपरात येत नाही, जी मोसमभर बहुतेक वेळ बाकावर बसते, ती महिन्याचं भाडं भरू शकते का? पहिली महिला कुठेही निघते, ती हट्टी असते, ती भिंत फोडून जाते. पण अख्खा व्यवसाय काही हट्टी लोकांवर चालत नाही. तो माझ्यासारख्या साधारण माणसांवर चालतो, ज्यांना वेळेवर पगार आणि जवळ टॉयलेट लागतं. आयटीत एवढी माणसं आली ती सगळी काय जिनियस होती? इथे नोकऱ्या होत्या म्हणून आली आणि येऊन शिकली.

असो. फारच लांबलं. पुढच्या वेळी 'पहिली महिला' अशी बातमी दिसली की टाळ्या जरूर वाजवा, मीही वाजवतो. फक्त सोबत एवढं विचारा, की दुसरी कुठे आहे आणि तिला पगार कोण देतंय. तुमच्या ऑफिसातही विचारायला हरकत नाही.